कळ्या मोजणारे सर

आमच्या सरांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं की ते उलट विचारायचे, "कशाच्या तुलनेत?"

यात आगाऊपणा नसायचा. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं असायचं. कालच्यापेक्षा कसा आहे म्हणता, की माझ्या वयाच्या माणसांपेक्षा, की तुमच्यापेक्षा? विचारणारा बिचारा हातातली पिशवी सावरत जिना उतरून जायचा. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि आम्ही पहिल्या. त्यामुळे जिन्यात रोज कुणी ना कुणी सापडलेला मला ऐकू यायचा.

एकदा भाजीवाला म्हणाला, "साहेब, मेथी एकदम ताजी."

"कशाच्या तुलनेत?"

"कालच्या."

सर इतके खूश झाले की दोन जुड्या जास्त घेतल्या. वर येऊन मला म्हणाले, "हा माणूस आपल्या कॉलेजात शिकवायला हवा होता."

माझी आई मात्र खूश झाली नाही. माझ्यासाठी अंधेरीचं एक स्थळ आलं होतं. आईने कौतुकाने सांगितलं, "मुलगा खूप चांगला आहे हो." सरांनी तोच प्रश्न विचारला. त्यानंतर दोन महिने आमच्याकडून वर कोथिंबीर वडी गेली नाही. ते लग्न पुढे झालं नाही. त्याबद्दल मी आजही सरांची मनातल्या मनात आभारी आहे, पण तो विषय वेगळा.

मी त्यांची विद्यार्थिनी. फार्मसी कॉलेजात ते आम्हाला औषधशास्त्र शिकवायचे, म्हणजे औषध शरीरात जाऊन नेमकं काय करतं ते. शर्टाच्या खिशात तीन पेनं: निळं लिहायला, लाल खोडायला, आणि हिरवं फक्त 'माहीत नाही' लिहायला. परीक्षेत एखाद्याने ठोकून दिलेल्या उत्तराऐवजी 'माहीत नाही' लिहिलं तर सर अर्धा गुण द्यायचे. प्राचार्यांनी ते बंद करायला लावलं. सरांनी गुण देणं बंद केलं, पण हिरव्या पेनाने शेजारी 'शाबास' लिहिणं चालू ठेवलं.

त्यांचा स्वतःचा आयुष्यभराचा विषय होता भांगेचं झाड. या झाडातल्या द्रव्यांनी कंपवात, विस्मरण अशा मेंदू झिजवणाऱ्या आजारांत काही फायदा होतो का, हा. वर्गात त्यांनी 'भांग' म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. सर शांतपणे खडू खाली ठेवायचे.

"हसून झालं? आता ऐका. आपल्या मेंदूत काही कुलपं आहेत. ती या झाडासाठी बसवलेली नाहीत. त्यांच्या किल्ल्या शरीर स्वतःच बनवतं. या झाडाची किल्ली त्यात योगायोगाने बसते. झाडात किल्ल्या पुष्कळ आहेत. एक झिंग आणते, दुसरी आणत नाही. मरायला टेकलेल्या मेंदूपेशींच्या आजूबाजूला जी जळजळ होते, ती यातल्या काही किल्ल्यांनी कमी होताना दिसते. कुठे दिसते? प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. आणि उंदरात."

"आणि माणसात, सर?"

"बशीतल्या पेशीला सासू नसते. उंदराला पेपर वाचता येत नाही, त्यामुळे त्याला आशा नसते. माणसाला दोन्ही असतात. म्हणून माणसात माहीत नाही. थोडं दिसतंय, थोडं दिसत नाही. आणि लक्षात ठेवा, 'माहीत नाही' हे पूर्ण वाक्य आहे. त्याच्यापुढे 'पण' लावायचा नाही."

संशोधनासाठी त्या झाडाचा अर्क मिळवायचा तर परवाना लागायचा. सर दर जूनमध्ये अर्ज करायचे आणि दर डिसेंबरमध्ये 'आपला अर्ज विचाराधीन आहे' असं उत्तर यायचं. असे किती जून गेले ते त्यांनाच ठाऊक. निवृत्त झाल्यानंतर महिन्याभराने परवाना मंजूर झाल्याचं पत्र आलं. सरांनी ते मला दाखवलं आणि नीट घडी घालून कपाटात ठेवलं.

"आता परवाना आहे," ते म्हणाले, "उंदीर नाहीत."

मी हसले. ते हसले नाहीत, तेव्हा मला लाज वाटली.

या माणसाचा छंद म्हणजे लोकांचे डोळे बांधून परीक्षा घेणं. अगदी खरोखर डोळे बांधून. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी घरी पाण्याचा नवा फिल्टर बसवला आणि पाणी गोड लागतं म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. सरांनी त्यांना घरी बोलावलं, डोळ्यांवर पंचा बांधला आणि तीन पेले पुढे ठेवले. दोनमध्ये साधं नळाचं पाणी, एकात फिल्टरचं. पेल्यांची जागा बदलून तीनदा विचारलं. सेक्रेटरींनी तिन्ही वेळा नळाचं पाणी गोड म्हणून उचललं. मग पंचा सोडून म्हणाले, "सर, तुमची पण कमाल आहे ना. मी मजेत होतो, कशाला वाट लावली?"

याच सेक्रेटरींनी पुढे सरांच्या घरी बाई येते अशी आवई उठवली. झालं असं की आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात, आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर विजयेचं तेल मिळतं. घाटकोपरच्या एक वैद्यबाई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. सर गॅलरीत उभं राहून त्यांच्याशी फोनवर मोठ्याने बोलायचे. "विजया कधी येतेय? हो, आक्काला सांगितलंय मी. तिची काही हरकत नाही. झोपायच्या आधीच, बरोबर." सेक्रेटरी खाली गाडी पुसत होते. दोन दिवसांनी ते सोसायटीचा छापील फॉर्म घेऊन वर गेले. घरात नवीन माणूस राहायला येणार असेल तर नाव नोंदवावं लागतं म्हणाले. सरांनी फॉर्म नीट वाचला आणि भरून दिला. नाव: विजया. नातं: माहीत नाही. शेवटचे दोन शब्द हिरव्या पेनाने.

आता आक्कांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठीच घडलं.

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा मालवणजवळच्या गावातून आक्कांनीच या भावाला मुंबईत आणलं. त्यांचा नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर आक्कांनी गणपतीच्या दिवसांत घरून मोदक करून देऊन भावाला शिकवलं. भांडुपपासून मुलुंडपर्यंत त्यांचे उकडीचे मोदक माहीत होते. एका मोदकाला एकवीस कळ्या, एकीसारखी दुसरी, आणि टोक असं की बोट लावायला धीर होऊ नये. सरांनी लग्न केलं नाही. एकही चांगली मुलगी मिळाली नाही का, असं कुणी विचारलं तर ते आपला नेहमीचा प्रश्न विचारायचे, आणि आक्का आतून ओरडायच्या, "माझ्या तुलनेत! आणि कोणाच्या?"

त्या आक्कांना कंपवात झाला. आधी उजवा अंगठा, मग पूर्ण हात. मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी चालणं सुधारलं, हात मात्र पुरता ऐकेना. त्या वर्षी गणपतीला आक्कांनी पहिला मोदक वळायला घेतला आणि त्याच्या कळ्या एकमेकींवर चढल्या. त्यांनी तो परातीत ठेवला, हात धुतले आणि भावाला सांगितलं, "ह्या वर्साक तू इकत घेऊन ये."

सर गेले आणि घेऊन आले. जिन्यात मला भेटले. हातात मिठाईच्या दुकानाचा खोका होता. "कसे आहात?" असं माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. सरांनी पहिल्यांदाच उलट काही विचारलं नाही.

तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. ज्या झाडाच्या मागे आयुष्य घालवलं, त्याचं तेल आता चिठ्ठीवर मिळत होतं, आणि ज्या आजारावर त्याचा उपयोग होईल असं त्यांना वाटत आलं होतं, तो आजार त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी तेल सुरू करून मोकळा झाला असता. सरांनी आठ महिने तयारीत घालवले.

डॉक्टरांची परवानगी घेतली, आधीच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या या अटीवर. वैद्यबाईंनी दोन सारख्या काचेच्या बाटल्या तयार केल्या. एकीत तिळाच्या तेलात विजया. दुसरीत तिळाचं तेल कढीपत्ता घालून उकळलेलं, म्हणजे तेही हिरवं दिसावं. एका बाटलीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीच्या गळ्याला काळा. कुठला दोरा कशाचा, हे फक्त वैद्यबाईंना माहीत. त्यांनी ते कागदावर लिहून पाकिटात घालून लाख लावून दिलं. पाकीट कुणाकडे ठेवायचं? सर म्हणाले, "सेक्रेटरींकडे. त्यांचा माझ्यावर अजिबात विश्वास नाही, त्यामुळे ते मला उघडू देणार नाहीत." सेक्रेटरींनी पाकीट कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं आणि फॉर्मच्या प्रकरणापासून पहिल्यांदा सरांना चहा पाजला.

दोन आठवडे लाल, दोन आठवडे काळा, पुन्हा लाल, पुन्हा काळा. झोपताना जिभेखाली थेंब. आणि रोज सकाळी सात वाजता आक्कांनी एक मोदक वळायचा. एकच. एका मोदकापुरती उकड काढणं हा किती वेडेपणा आहे हे ज्याने उकड काढली आहे त्यालाच कळेल. आक्कांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून एका वाटीत उकड काढायला लागल्या.

कळ्या मोजायचं काम माझं. मी एका औषध कंपनीत गोळ्यांची तपासणी करते. सकाळी पावणेआठला निघते. जाता जाता वर जायचं, मोदक उकडायच्या आधी कळ्या मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा, मोदक उकडला की खायचा आणि पळायचं. इतकं चविष्ट काम मला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

आणि सर? ते गॅलरीत उभे असायचे, आमच्याकडे पाठ करून. "माझा जीव अडकलाय त्यात," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मी मोजल्या तर जास्त मोजीन. तू मोज." मी मोजत असताना ते समोरच्या बिल्डिंगच्या टाक्यांकडे बघत राहायचे. माझा आकडा त्यांच्या कानावर पडू नये म्हणून एक हिंदी गाणं गुणगुणायचे, तेही बेसूर. बहिणीच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवणं त्यांना किती जड जात असेल, हे त्यांच्या मानेवरून कळायचं. मान ताठ असायची.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग एका सकाळी मी गेले तर आक्कांचा हात फार थरथरत होता. पारी दोनदा फाटली. तिसऱ्यांदा कशाबशा कळ्या पडल्या. मी मोजल्या. सात होत्या. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"किती गो?"

"नऊ," मी म्हणाले, आणि वहीत नऊ लिहिलं.

तिथून मला सवयच लागली. आठ असतील तर दहा, सात असतील तर नऊ. कुणाचं काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगायचे. तेल कुठलं चालू आहे ते मला तरी कुठे माहीत होतं? कारखान्यात मी एक गोळी इकडची तिकडे होऊ देत नाही, पण इथे आक्कांचा चेहरा समोर असायचा. नऊ म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उजळतो असं मला वाटायचं.

एक दिवस मी "अकरा" म्हणाले आणि आक्कांनी हातातली वाटी ओट्यावर आपटली.

"सात होत्यो."

मी वही मिटून छातीशी धरली.

"चेडवा, माझी बोटा थरथरतत, पण मोजूक इसारली नाय. कळी घालताना माका कळता. आज सात, काल आठ, परवा सात. तू अकरा लिवलंस. धा दिस झाले, मी बघतंय."

गॅलरीतलं गाणं थांबलं. सर वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते त्या वेळेला आमच्याकडे वळले होते. त्यांनी वही मागितली. मी दिली. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलीसारखी मी उभी होते.

सरांनी लाल पेन काढलं आणि सगळ्या पानांवर एकेक तिरकी रेघ मारली. माझ्या खोट्या दिवसांवर आणि खऱ्या दिवसांवरही. मग शेवटच्या पानावर लिहिलं: 'रद्द. मोजणाऱ्या व्यक्तीला आक्का आवडते.'

"सर, सॉरी. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

"कशाला?" ते म्हणाले. "तू कुठे चुकतेस ते आता मला माहीत आहे. नवीन माणूस कुठे चुकेल ते मला माहीत नाही." मग ओट्यावरच्या दोन बाटल्यांकडे बोट केलं. "बाटलीवर नाव का नसतं, ते आज कळलं ना? ते लबाड लोकांमुळे लपवत नाहीत. तुझ्यामाझ्यासारख्यांमुळे लपवतात."

मला रडू फुटलं. आक्कांनी मोदक उकडून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खा आता. सात कळयांचो पण ग्वाडच लागता."

दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात झाली. वैद्यबाईंनी नवीन बाटल्या, नवीन दोरे, नवीन पाकीट दिलं. नियमही नवा. मी आकडा लिहून वही मिटायची, मग आक्कांनी आपला आकडा सांगायचा, आणि दोन्ही जुळले नाहीत तर तो मोदक बाद. सगळ्यांत मोठं म्हणजे गणपती जवळ येत चालला होता. तेल उपयोगी पडलं तर आक्का यंदा घरी मोदक करणार होत्या. त्या तसं बोलून दाखवत नव्हत्या, पण विकतचे, साच्यातले मोदक आणू नको असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी सेक्रेटरींच्या हॉलमध्ये पाकीट फोडलं. आक्का सोफ्यावर, मी जमिनीवर वह्या पसरून, सेक्रेटरी लॉकरची किल्ली हातात धरून. लाल दोऱ्याचे दिवस आणि काळ्या दोऱ्याचे दिवस मी वेगवेगळे मांडले होते. झोपेचाही एक रकाना होता. तो आक्का स्वतः भरायच्या, उठल्या उठल्या, रात्री किती वेळा जाग आली ते.

सरांनी पाकिटातला कागद वाचला. "लाल म्हणजे विजया."

मी रकाने पुढे सरकवले. त्यांनी ते पाहिले, पुन्हा पाहिले. मग तिसऱ्यांदा पाहायला लागले तेव्हा मला समजलं की हा माणूस आकड्यांत चूक शोधतोय. चूक असावी म्हणून शोधतोय. मला वाटलं, आता ते काहीतरी पळवाट काढतील. मात्रा कमी पडली म्हणतील, दिवस कमी पडले म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर नक्की काढली असती.

सरांनी वही मिटली आणि बहिणीच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"आक्का, हाताला काही फरक नाही. लाल काय, काळा काय, कळ्या सारख्याच. झोप मात्र लाल दिवसांत बरी लागलीय तुला. जाग कमी वेळा आलीय."

"हाताक नाय?"

"नाय." सर आक्कांशी एरवी शुद्ध बोलायचे. हा एक शब्द मालवणीत आला.

आक्कांनी आपला उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "बरां. झोप आसा ती आसा मां? ती घेवया."

सेक्रेटरी चष्मा पुसत होते. त्या दिवशी मला सरांचा जितका अभिमान वाटला तितका त्यांच्या कुठल्याही तासाला वाटला नव्हता. आयुष्यभर ज्या उत्तराची वाट पाहिली, ते हवं तसं आलं नाही, आणि या माणसाने ते जसं आलं तसं, ज्या माणसाला सर्वांत जास्त लागणार त्याच माणसाला, डोळ्यांत बघून सांगितलं.

पण सरांची खरी परीक्षा पुढे होती. ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाने त्यांचं भाषण आधीच ठरवून ठेवलं होतं. आम्ही हॉलवर पोचलो तर व्यासपीठावर बॅनर: 'विजया तेल: कंपवात व विस्मरणावर रामबाण'. सर थेट बॅनरपाशी गेले, लाल पेनाने 'रामबाण' खोडायला लागले, पेन फ्लेक्सवर उमटेना. शेवटी त्यांनी आयोजकांकडून एक कोरा कागद घेतला, त्यावर हिरव्या पेनाने 'माहीत नाही' लिहिलं आणि 'रामबाण'वर चिकटवलं. लोकांना गंमत वाटली. भाषण संपेपर्यंत त्यांची गंमत संपली होती.

सरांनी कुलूप-किल्ली सांगितली, बशी सांगितली, उंदीर सांगितले. काही आजारांत काही त्रासांना आराम पडल्यासारखं दिसतं, पण झिजणारा मेंदू यामुळे झिजायचा थांबतो असं आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला तीन प्रश्न विचारा, असं सांगितलं. कोणाला? किती जणांना? कशाच्या तुलनेत? मग आमच्या मोदकांचं सगळं सांगितलं, माझ्या खोट्या आकड्यांसकट. माझं नाव घेतलं नाही, पण मी पहिल्या रांगेत लाल झाले होते.

मागून एक गृहस्थ उठले. दोन गाड्या बदलून आलो म्हणाले. त्यांची पत्नी सगळं विसरत चालली होती. त्यांनाही ती कधीकधी काका म्हणून हाक मारायची.

"एवढंच सांगा, हे तेल तिला देऊ की नको?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका."

"माहीत नाही? मी इतक्या लांबून हे ऐकायला आलो?" गृहस्थांचा आवाज चढला. "सगळं आयुष्य यातच घालवलंत म्हणता. मग केलंत काय तुम्ही?"

सर हिरव्या पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत राहिले. मला त्या गृहस्थांचा राग आला आणि त्यांचं दुःख कळत असल्यामुळे रागावताही येईना.

तेवढ्यात माझ्या शेजारी आक्का उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून, हळूहळू. माइक कुणी देईपर्यंत थांबल्या नाहीत.

"ह्येना काय केल्यान ता मी सांगतंय," त्या म्हणाल्या. "हो माझो भाव. माझो हात बरो व्हावो म्हणान ह्येचो जीव कसो तुटा होतो, ता माका ठावक आसा. ह्येना माका नुसतां म्हटलां असता, आक्का तुझो हात सुधारलो, तर मी मानलां असतंय. तुमी पण मानलां असतास. पण ह्येना माका खोटा सांगूक नाय." मग त्यांनी उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो थरथरू दिला. "ह्यो हात. बघून घेवा. आणि रातची झोप माका येता, ती हंय दाखवूक येवची नाय. जितक्या आसा तितक्याच ह्यो सांगता. तुमका असो माणूस गावलो तर सोडू नकात."

त्या खाली बसल्या. मग गृहस्थही बसले.

कार्यक्रम संपल्यावर ते व्यासपीठाजवळ आले. सर वायरमध्ये पाय अडकवून उभे होते आणि मी ती सोडवत होते.

"मोजायचं कसं?" गृहस्थांनी विचारलं. "म्हणजे, डॉक्टर हो म्हणाले तर. मला तर ती रोज वेगळीच वाटते."

सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. "वहिनींना हाताने काय करायला आवडायचं?"

"वाती वळायची. अजून वळते. कधी मध्येच थांबते, कापूस हातात धरून बसते."

"मग रोज सकाळी तेवढ्याच कापसाच्या वाती मोजा," सर म्हणाले. "तेल सुरू व्हायच्या आधीपासून. आणि तुम्ही मोजू नका. शेजारच्या कुणाला तरी सांगा. तुमचा जीव अडकलाय त्यात."

गृहस्थांनी खिशातून जुनं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर 'वाती' असं लिहून घेतलं. मोजणाऱ्याकडून कुठली चूक होऊ शकते, ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्या विषयात मी तज्ज्ञ होते.

पुढच्या वर्षी आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सर आणि आक्का गावी राहायला गेले ते तिकडेच रमले. फोन लावला की मी आता "कसे आहात" विचारत नाही. "मागच्या रविवारपेक्षा कसे आहात?" असं विचारते. सर म्हणतात, "हे बरोबर." माझ्या हाताखाली आलेल्या नव्या मुलींना मी त्यांची वही दाखवते, ती सरांनी जाताना मला दिली. 'रद्द. मोजणाऱ्या व्यक्तीला आक्का आवडते.' मुली हसतात. मग गोळ्या पुन्हा मोजतात.

पण मला सर आठवतात ते त्या वर्षीच्या गणपतीतले. भाषणाला आठवडाही झाला नव्हता. सकाळी आक्कांनी परात मांडली. विकतचे आणायचे का, असं कुणी विचारलं नाही. आक्का बसल्या, मी बसले, आणि सर गॅलरीत निघाले.

"खंय चललंस?" आक्का म्हणाल्या. "आता कसली परीक्षा? बस हंय."

सर परत आले आणि मांडी घालून आक्कांच्या समोर बसले. त्यांच्या हाताकडे बघत. एकवीस मोदक करायला आम्हाला दोन तास लागले. एकाला सात कळ्या, एकाला आठ, एकाला सहा, एक तर नुसताच गोळा. सर मधूनमधून गूळखोबरं संपवत होते आणि बहिणीची नजर चुकवत नव्हते.

आरतीला सेक्रेटरी आले. प्रसादाचा मोदक त्यांनी अख्खा तोंडात घातला आणि डोळे मिटून म्हणाले, "आक्का, काय मोदक झालाय. झकास."

आक्का आणि मी, दोघींनी सरांकडे पाहिलं. सेक्रेटरीही घास थांबवून त्यांच्याकडे बघायला लागले. आता प्रश्न येणार होता.

सरांनी ताटातला सहा कळ्यांचा मोदक उचलला, त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "झालाय खरा."